उंदराच्या पाठीवर उगवलेला ‘तो’ कान खरा होता का? शरीराचे भाग वाढवण्यामागचं विज्ञान समजून घ्या

बिनकेसांचा गुलाबी उंदीर आणि त्याच्या पाठीवर चक्क माणसाचा कान! हा फोटो तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. फोटो तोच असतो, सोबतचा मजकूर मात्र दर वेळी बदलतो. कधी ‘शास्त्रज्ञांनी उंदरात माणसाचे जीन्स घातले’ असं लिहिलेलं असतं, तर कधी ‘आता हवा तो अवयव प्रयोगशाळेत बनवून मिळणार’ अशी खुशखबर असते.

फोटो अगदी खरा आहे. मजकूर मात्र दोन्ही वेळा चुकीचा आहे.

तो कान माणसाचा नव्हताच. त्यात माणसाची एकही पेशी नव्हती. त्या कानाला ऐकू येत नव्हतं आणि त्यासाठी उंदराच्या जनुकांशी कसली छेडछाडही केलेली नव्हती. मग ते नेमकं होतं काय? हे समजून घेतलं, की ‘प्रयोगशाळेत अवयव वाढवणं’ म्हणजे काय, ते कुठवर आलं आहे आणि कुठे अडलं आहे, हे सगळं कोडं उलगडायला लागतं.

कान कुणाचा होता?

गोष्ट आहे १९९०च्या दशकातली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स व्हॅकँटी, जोसेफ व्हॅकँटी हे डॉक्टर बंधू आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नावर काम करत होते. काही मुलं बाहेरचा कान नसताना किंवा अर्धवट कान घेऊन जन्माला येतात. अशा मुलांसाठी डॉक्टर छातीच्या फासळीतली कूर्चा काढतात आणि ती कोरून कान तयार करतात. कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्याला आणि कानाला आकार देणारा तो लवचीक, कडकसर भाग. यासाठी मुलाच्या छातीवर वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते, वेदनाही होतात. मग कूर्चा बाहेर वाढवता आली तर?

त्यांनी तीन वर्षांच्या एका मुलाच्या कानाचा साचा घेतला. त्या आकाराची एक जाळी तयार केली. जाळी होती पॉलिग्लायकोलिक ॲसिड नावाच्या पदार्थाची. नाव अवघड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. ऑपरेशननंतर जे टाके काढावे लागत नाहीत, आपोआप विरघळतात, त्यातले काही टाके याच पदार्थाचे असतात. त्या जाळीवर गायीच्या कूर्चेतल्या पेशी पेरल्या आणि ती जाळी उंदराच्या पाठीच्या कातडीखाली ठेवली.

उंदीर बिनकेसांचाच का निवडला? कारण उंदरांच्या या जातीची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी असते. परक्या पेशी आल्या तरी तिचं शरीर त्यांच्यावर हल्ला करत नाही. उंदराने त्या पेशींना रक्तातून अन्न आणि ऊब दिली. पेशी वाढत गेल्या, त्यांनी नवी कूर्चा तयार केली आणि दरम्यान जाळी विरघळत गेली. १९९७ साली हा प्रयोग शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गायीच्या पेशींना माणसाच्या कानाचा आकार ठाऊक नव्हता. तो आकार जाळीने दिला. या शास्त्राचा पाया इथेच आहे. पेशींइतकंच महत्त्व पेशी ज्यावर वाढतात त्या वस्तूला आहे.

आधी सेंटरिंग, मग स्लॅब

शरीरातल्या पेशी हवेत तरंगत नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजेनसारख्या प्रथिनांचं जाळं असतं. पेशी त्याला धरून राहतात, त्यावरून सरकतात आणि आपण कुठे आहोत, काय काम करायचं आहे याचे संकेतही त्यातूनच घेतात. या जाळ्यातून पेशी बाहेर काढून काचेच्या ताटलीत ठेवल्या, तर त्या वाढतात खऱ्या, पण बहुतेक वेळा सपाट पसरतात. त्यांचा कान होत नाही, हाडही होत नाही. म्हणून त्यांना तात्पुरता आधार लागतो. याला म्हणतात स्कॅफोल्ड. आणि शरीरात सुखाने राहील असा जो पदार्थ त्यासाठी वापरतात, तो बायोमटेरियल.

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल, तर ही कल्पना लगेच कळेल. आधी फळ्या आणि टेकू लावून सेंटरिंग उभं करतात. त्यावर काँक्रीट ओततात. काँक्रीट घट्ट झालं की सेंटरिंग काढून घेतात. घाईने काढलं तर स्लॅब खाली येतो. आणि तसंच ठेवलं तर त्या घरात राहता येत नाही.

स्कॅफोल्डचंही तसंच आहे. फरक इतकाच, की तो काढायला पुन्हा शरीर उघडायचं नसतं. त्याने आपोआप आणि वेळेवर विरघळायचं असतं. लवकर विरघळला तर नवी ऊती कोसळते. फार रेंगाळला तर शरीर त्याला परका समजून त्याच्याभोवती वण तयार करतं.

वेळेखेरीज आणखी दोन अटी असतात.

पहिली अट छिद्रांची. स्कॅफोल्ड स्पंजासारखा सच्छिद्र हवा, म्हणजे पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरू शकतील. छिद्रं फार लहान असली तर पेशींना वाट मिळत नाही, फार मोठी असली तर धरायला जागा मिळत नाही.

दुसरी अट कडकपणाची. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच प्रकारच्या स्टेम सेल कमी-जास्त कडक असलेल्या जेलवर वाढवून पाहिल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूपेशींसारख्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. पेशी पायाखालची जमीन चाचपून आपलं वागणं ठरवते, असंच म्हणा ना!

भाजलेल्या त्वचेने शिकवलेला धडा

हे सगळं प्रत्यक्ष रुग्णाच्या उपयोगी पडलं का? हो. आणि सर्वांत आधी पडलं ते भाजलेल्या माणसांच्या.

त्वचेचे मुख्य दोन थर असतात. वरचा पातळ थर पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवतो. खालचा जाड थर त्वचेला बळकटी आणि लवचीकपणा देतो. वरवर भाजलं तर त्वचा पुन्हा येते. दोन्ही थर जळले की मात्र मोठी जखम आपली आपण नीट भरून येत नाही. रुग्णाच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ त्वचा काढून तिथे लावावी लागते. पण ज्याचं निम्म्याहून जास्त अंग जळालं आहे, त्याची त्वचा काढायची कुठून?

बोस्टनमधले सर्जन जॉन बर्क यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या डोळ्यांदेखत रुग्ण अंगातलं पाणी जाऊन आणि जंतुसंसर्ग होऊन दगावत होते. १९६९च्या सुमारास त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमधले इओआनिस यानास यांना गाठलं. यानास डॉक्टर नव्हते, पॉलिमरचे अभ्यासक होते. दोघांनी मिळून जखमेवर घालायचं दोन थरांचं आवरण तयार केलं. खालचा थर गायीपासून मिळालेलं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतून काढलेला एक पदार्थ यांच्या मिश्रणाचा. वरचा थर सिलिकॉनचा, त्वचेच्या वरच्या थराची तात्पुरती राखण करणारा.

आधी उद्देश साधा होता, जखम झाकायची. पण वेगळंच काहीतरी घडलं.

मोठी जखम भरताना कडेने आक्रसते आणि तिथे वण धरतो. भाजलेल्या माणसाची मान किंवा कोपर आखडून गेलेलं दिसतं, ते याचमुळे. या आवरणाखाली मात्र जखम आक्रसण्याचं काम मंदावलं. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्या कोलॅजेनच्या जाळ्यात शिरल्या, रक्तवाहिन्या आल्या. पेशींनी जुनं कोलॅजेन हळूहळू संपवलं आणि त्या जागी स्वतःचं नवं रचलं. वणाऐवजी त्वचेच्या खालच्या थरासारखा थर तयार झाला. हे कोणत्याही जाळीने होत नाही. छिद्रं साधारण २० ते १२५ मायक्रॉनची असावी लागतात, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शिवाय जाळं काही आठवडे टिकून मग विरघळावं लागतं. म्हणजे सेंटरिंगचाच हिशोब.

सुमारे तीन आठवड्यांनी सिलिकॉनचा थर सोलून काढायचा आणि त्यावर रुग्णाच्याच त्वचेचा अगदी पातळ पापुद्रा लावायचा, अशी ही पद्धत. पापुद्रा पातळ असल्यामुळे जिथून तो काढला ती जागा लवकर भरते आणि तिथून पुन्हा त्वचा घेता येते. १९८१ साली बर्क आणि यानास यांनी मोठ्या प्रमाणात भाजलेल्या १० रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९६ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने ‘इंटेग्रा’ या नावाने या आवरणाला मान्यता दिली.

इथे प्रयोगशाळेत त्वचा वाढवलेलीच नव्हती, हे ध्यानात घ्या. आवरणात एकही जिवंत पेशी नव्हती. डॉक्टरांनी योग्य जाळं दिलं, बाकीचं काम शरीराने केलं. पण मर्यादाही होती. या नव्या त्वचेला केस येत नाहीत आणि घामाच्या ग्रंथीही नसतात.

नखाएवढ्या तुकड्यातून अंगभर त्वचा

दुसरी वाट त्याच गावात शोधली जात होती. १९७५ साली एमआयटीमध्येच जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी ताटलीत मोठ्या संख्येने वाढवण्याची रीत शोधली. १९८३ साली तिची मोठी परीक्षा झाली. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले होते. त्यांच्या अंगावरच्या शिल्लक त्वचेचे छोटे तुकडे घेऊन त्यातून त्वचेचे पापुद्रे वाढवण्यात आले आणि टप्प्याटप्प्याने लावण्यात आले. दोन्ही मुलं वाचली.

पण हे पापुद्रे काही पेशींच्या जाडीचे, अत्यंत नाजूक. खाली चांगला थर नसेल तर ते टिकत नाहीत, फोड येऊन निघून जातात. थोडक्यात, ग्रीन यांच्याकडे वरचा थर होता, बर्क आणि यानास यांच्याकडे खालचा. पुढच्या काळात डॉक्टरांनी दोन्हीचा मेळ घालायला सुरुवात केली.

या वाटेवरचा सर्वांत थक्क करणारा टप्पा २०१५ साली जर्मनीतल्या बोखुम शहरात गाठला गेला. सात वर्षांच्या एका मुलाला जन्मजात आजार होता. एका जनुकातल्या दोषामुळे त्याच्या त्वचेचे दोन थर एकमेकांना धरून राहत नव्हते, नुसत्या स्पर्शानेही फोड येत. संसर्ग होऊन त्याची बहुतेक त्वचा गळून गेली होती. इटलीतल्या मोडेना इथले मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या त्वचेचा छोटा तुकडा घेतला, पेशींमध्ये त्या जनुकाची निर्दोष प्रत घातली आणि त्या पेशी वाढवून पापुद्रे तयार केले. यातले बरेच पापुद्रे फायब्रिनच्या जाळीवर वाढवले होते. फायब्रिन म्हणजे खरचटल्यावर रक्त गोठवणारं आपल्याच शरीरातलं प्रथिन. ते पुढे विरघळून जातं. तीन शस्त्रक्रियांमध्ये मुलाच्या अंगावरची सुमारे ८० टक्के त्वचा बदलण्यात आली. तो शाळेत जाऊ लागला. पाच वर्षांनी तपासलं तेव्हाही ती त्वचा टिकून होती.

मुंबईत वापरली बटाट्याची साल!

अशा उपचारांना अत्याधुनिक प्रयोगशाळा आणि भरपूर पैसा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यातल्या बहुतेकांना परदेशी आवरण परवडणारं नाही. म्हणून इथल्या डॉक्टरांनी हाताशी असलेल्या वस्तूंकडे पाहिलं.

१९८५ साली मुंबईतले प्लास्टिक सर्जन मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून त्या जखमेवर लावायच्या. जखम ओलसर राहते आणि ड्रेसिंग चिकटत नाही, त्यामुळे ते बदलताना रुग्णाला होणारा त्रास कमी होतो. पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून पाहिलं. जेवायला पान मांडावं तितकं गुळगुळीत, मेणचट आणि बटाट्याच्या सालीहूनही स्वस्त. २००३ साली हे निष्कर्षही आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले.

बटाट्याची साल आणि इंटेग्रा यांच्यातला फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा. साल किंवा पान जखम झाकतं. शरीर खाली आपलं काम करतं, मग ते काढून टाकायचं. त्यात पेशी शिरत नाहीत आणि त्यातून नवा थर उभा राहत नाही. वरवर भाजलेल्या जखमेला ते पुरतं. दोन्ही थर जळलेल्या जखमेला नाही. (आणि हे रुग्णालयात निर्जंतुक करून केलेले उपाय आहेत, घरी करून बघायचे नव्हेत.)

खरा स्कॅफोल्ड स्वस्तात तयार करण्याचे प्रयत्नही देशात झाले आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून टाकून उरलेल्या जाळ्याचं ‘कोलेडर्म’ हे जखमेवरचं आवरण विकसित केलं. २०२३ साली त्याला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं उदाहरण तर मराठी घरांनी आवर्जून माहीत करून घ्यावं असं आहे. तंबाखूत मळायच्या चुन्याची पुडी खेळताना फुटते आणि चुना लहान मुलांच्या डोळ्यांत जातो, अशा दुर्घटना आपल्याकडे घडत असतात. चुन्याने डोळ्याच्या कडेच्या स्टेम सेल जळतात आणि समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, गढूळ होतो. २०१२ साली डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी यावर सोपी पद्धत मांडली. रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा आणि त्याचे बारीक कण करायचे. बाळंतपणानंतर मिळणाऱ्या गर्भपिशवीचं स्वच्छ केलेलं पातळ पटल खराब डोळ्यावर पसरायचं आणि त्यावर ते कण चिकटवायचे. पटल हाच स्कॅफोल्ड, आणि पेशी वाढतात त्या थेट रुग्णाच्या डोळ्यावर. महागड्या प्रयोगशाळेची गरजच उरत नाही.

मग यकृत, किडनी का नाही?

त्वचा, कूर्चा, डोळ्याचा पडदा. आतापर्यंतच्या यादीत एक गोष्ट समान आहे. हे सगळे भाग पातळ आहेत किंवा त्यांना रक्त कमी लागतं.

शरीरातली बहुतेक पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असते. त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा झिरपत नाही. पातळ त्वचेला खालच्या जखमेतून रक्त मिळतं. कूर्चेत तर रक्तवाहिन्या नसतातच, तिच्या पेशी कमी प्राणवायूत भागवतात. पण यकृत किंवा किडनी यांचा जाड गोळा स्कॅफोल्डवर वाढवला, तर आतल्या पेशी नव्या रक्तवाहिन्या पोहोचण्याआधीच मरतात. स्कॅफोल्ड कितीही चांगला असो, आतपर्यंत रक्त कसं न्यायचं हा प्रश्न मोठ्या अवयवांच्या बाबतीत अजून सुटलेला नाही.

२००८ साली मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी युक्ती केली. मेलेल्या उंदराच्या हृदयातून साबणासारख्या द्रावणाने सगळ्या पेशी धुऊन काढल्या. मागे राहिलं ते पांढरंफटक जाळं, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांसकट. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडल्या. चौथ्या दिवशी ते हृदय धडधडू लागलं! पण आठव्या दिवशीही त्याची ताकद होती प्रौढ उंदराच्या हृदयाच्या सुमारे २ टक्के. बातमीत ‘हृदय धडधडलं’ एवढंच येतं, २ टक्के मागे राहतात.

मूत्राशयाची गोष्टही अशीच आहे. २००६ साली अमेरिकेतले डॉ. अँथनी अटाला यांनी सात तरुण रुग्णांचं मूत्राशय त्यांच्याच पेशी आणि विरघळणारा स्कॅफोल्ड वापरून मोठं केल्याचं जाहीर केलं. जगभर मथळे झळकले. पुढे अशाच पद्धतीची वेगळी चाचणी १० मुलांवर झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा मूत्राशयाच्या क्षमतेत म्हणावी तशी सुधारणा दिसली नव्हती आणि गंभीर दुष्परिणामही झाले होते. ही बातमी किती जणांपर्यंत पोहोचली?

प्लास्टिकची श्वासनलिका आणि एक मोठी फसवणूक

इथवरचे प्रयत्न यशस्वी झाले किंवा फसले, पण ते प्रामाणिक होते. पुढचं प्रकरण तसं नाही.

२०११ साली स्वीडनच्या प्रसिद्ध कॅरोलिन्स्का रुग्णालयात सर्जन पाओलो मॅकियारिनी यांनी एका रुग्णाला कृत्रिम श्वासनलिका बसवली. प्लास्टिकची नळी, तिच्यावर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पेरलेल्या. या पेशी नळीला जिवंत श्वासनलिकेत बदलतील, असा दावा होता. वैद्यकशास्त्रातली क्रांती म्हणून जगभर कौतुक झालं.

आतापर्यंतच्या अटी लावून पाहा. ही नळी विरघळणारी नव्हती. तिच्यात आतवर रक्तवाहिन्या जाण्याची सोय नव्हती. श्वासनलिकेच्या आत कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचं जिवंत अस्तर असतं, ते तयार होण्याचा पुरावा नव्हता. आणि प्रत्येक श्वासाबरोबर जंतू आत येणार होते. वर पेशी शिंपडल्या म्हणून प्लास्टिकची नळी जिवंत होत नाही.

कॅरोलिन्स्कामध्ये अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी २०१४ साली तक्रार केली, तेव्हा आधी त्यांचंच म्हणणं बाजूला सारण्यात आलं. २०१६ साली स्वीडिश टीव्हीवरच्या माहितीपटाने खळबळ उडाली आणि मॅकियारिनी यांना काढून टाकण्यात आलं. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने तिन्ही रुग्णांच्या बाबतीत त्यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची कैद सुनावली. ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकाने त्यांचे शोधनिबंध मागे घेतले.

उंदरापासून माणसापर्यंत किती वर्षं लागली?

आता पुन्हा त्या कानाकडे. १९९७च्या उंदराच्या निबंधाचे पहिले लेखक होते यिलिन त्साओ. २०१८ साली त्साओ यांचा सहभाग असलेल्या चीनमधल्या गटाने जन्मजात कान नसलेल्या पाच मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्याच अर्धवट कानातल्या कूर्चेच्या पेशी घेतल्या आणि चांगल्या कानाचं प्रतिबिंब थ्रीडी प्रिंटरवर छापून तयार केलेल्या स्कॅफोल्डवर त्या वाढवल्या. पहिल्या मुलाचा कान अडीच वर्षांनीही आकार धरून होता.

म्हणजे उंदरापासून पाच मुलांपर्यंत यायला २१ वर्षं लागली. तेही रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेसाठी. त्यामुळे ‘पाच वर्षांत किडनी छापून मिळणार’ अशी पोस्ट आली, तर हा वेग आठवून पाहावा.

पुढची पोस्ट शेअर करण्याआधी हे विचारा

अवयव वाढवल्याच्या किंवा ‘स्टेम सेलने सगळं बरं’ करण्याच्या दाव्याला चार साधे प्रश्न विचारता येतात.

१. पेशी कुणाच्या? रुग्णाच्या स्वतःच्या, दात्याच्या की प्राण्याच्या?

२. त्या कशावर वाढवल्या आणि त्या आधाराचं पुढे काय होतं? तो विरघळतो की आत तसाच राहतो?

३. नव्या भागाला रक्त कुठून मिळणार?

४. हे उंदरावर झालं की माणसावर? माणसावर असेल तर किती जणांवर, आणि किती वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं?

उपचार म्हणून कुणी असं काही देऊ करत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेले मोजके उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशा चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर असते आणि ती कुणालाही बघता येते. तिथे नोंद नसेल आणि लाखो रुपये मागितले जात असतील, तर सावध झालेलं बरं.

तोपर्यंत काय?

महाराष्ट्रात आज एखादी व्यक्ती ६० टक्के भाजून रुग्णालयात आली, तर तिचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना लगेच लागते ती दान केलेली त्वचा. ती कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारतं. पण तेवढे दिवस ती पाणी आणि जंतू रोखते, आणि त्या अवधीत रुग्णाची स्वतःची त्वचा थोडी थोडी लावता येते. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते.

नेत्रदानाबद्दल घरोघरी माहिती असते, त्वचादानाबद्दल फारशी नसते. ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करायचं असतं. १८ वर्षांवरील व्यक्तीची त्वचा घेता येते, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क किंवा त्वचेचा कर्करोग असलेल्यांची त्वचा घेत नाहीत. फोन केल्यावर पेढीचं पथक घरी येतं आणि मांड्या, पाय, पाठ इथला अगदी पातळ थर काढून घेतं. साधारण पाऊण तासात काम होतं. रक्तस्राव होत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही आणि अंत्यसंस्कारही नेहमीप्रमाणे करता येतात. जवळच्या त्वचापेढीचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. वेळ येते तेव्हा तो शोधायला उसंत नसते.